एका मानपत्राचा खुलासा

मी एका माणसाची भर सभेत, माइकवरून, वाजवीपेक्षा जास्त स्तुती केली आणि त्यामुळे त्याचं औषधांचं कार्ड गेलं. चूक एवढीच. बाकी सगळं मी उत्तम केलं होतं. झब्बा इस्त्रीचा होता, शाल वेळेवर आली होती आणि नारळ या खेपेला हलवल्यावर वाजत होता.

तो माणूस म्हणजे आमचे पातेलेवाले काका. कागदावर इतका विश्वास असलेला माणूस दक्षिण गोलार्धात दुसरा नाही. उत्तर गोलार्धात एक होता, पण तेही हेच, तीस वर्षांपूर्वी पुण्याहून मेलबर्नला यायच्या आधीचे. टार्निट या मेलबर्नच्या उपनगरातल्या आमच्या वस्तीत घरं इतकी एकसारखी आहेत की मी स्वतः दोनदा शेजाऱ्याच्या गॅरेजसमोर उभा राहून रिमोट दाबत बसलोय. काकांचं घर मात्र पत्रपेटीवरून ओळखू येतं. लोक पेटीवर ‘जाहिराती टाकू नका’ अशी पाटी लावतात. काका जाहिरातींना उत्तरं पाठवतात. ‘घर विकायचा विचार आहे का?’ असं छापलेलं पत्रक एका एजंटाने सगळ्या गल्लीत वाटलं, तर काकांनी त्याला सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘चौकशीबद्दल आभारी आहे. तूर्त विचार नाही. झाल्यास प्रथम आपणांस कळवीन.’ तो एजंट बिचारा पत्र घेऊन स्वतः आला, चहा प्यायला, आणि तेव्हापासून दर डिसेंबरला त्यांना कॅलेंडर आणून देतो. मी म्हटलं, “काका, ते हजार लोकांना पाठवलेलं असतं हो.” तर म्हणाले, “बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांनी उत्तर दिलं नाही, ही त्यांची वागणूक. कोणीतरी विचारलंय, तर सांगायला नको?”

पातेलेवाले हे नाव त्यांच्या तीन पातेल्यांवरून पडलं. ही पातेली त्यांनी पुण्याहून जहाजाने मागवली. एकेकात शंभर माणसांची आमटी होते आणि आमच्या मंडळाचा एकही कार्यक्रम त्यांच्याशिवाय होत नाही. पातेली फुकट मिळतात, पण अट एकच: पातेलं जाईल तिथे काका जाणार. हॉलच्या किचनमध्ये ते एक प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात आणि डाव्या हाताने छाती जपत उजव्या हाताने फौज हलवतात. “वाकून उचलू नका रे, गुडघ्यात बसा. त्याच्या कानाला धरा, गळ्याला नको. हां, आता दोघं मिळून, न बोलता.” पातेल्याला त्यांनी स्वतः हात लावलेला गेल्या सहा वर्षांत कोणी पाहिलेला नाही. कारण सहा वर्षांपूर्वी त्यांचं हृदय बिघडलं आणि त्याच सुमारास मोटारींचे सुटे भाग बनवणारी त्यांची फॅक्टरीही बंद झाली. यातलं आधी कोण बिघडलं यावर काका-काकूंचं अजून एकमत नाही. पण चव घ्यायचा चमचा मात्र त्यांच्याशिवाय कोणाच्या हातात जात नाही. ते एक थेंब तळहातावर घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “गूळ लाजतोय.” मग गूळ पडतो आणि आमटी खरंच आमटी होते.

आता ते कार्ड काय, हे सांगायला हवं, कारण तिकडच्या नातेवाइकांना वाटतं की ऑस्ट्रेलियात आजारी पडणं फुकट असतं. डॉक्टर आणि हॉस्पिटलचं पुष्कळसं सरकार बघतं हे खरं. पण रोजच्या गोळ्या अगदी स्वस्तात मिळायला एक छोटं कार्ड लागतं. काकांचं ते कार्ड बेकारभत्त्याला शिवलेलं. भत्ता, ‘मी काम शोधतोय’ हे दर महिन्याला सिद्ध करण्याला शिवलेला. आणि तसं सिद्ध न करण्याची सूट त्यांच्या डॉक्टरांच्या एका कागदाला शिवलेली. काका बासष्टचे, पेन्शन सदुसष्टला. मधली पाच वर्षं या तीन टाक्यांवर काढायची. काकांना रोज सात गोळ्या लागतात. त्यांची खरी नावं त्यांना उच्चारता येतात, पण घरात ते ‘पाणी काढणारी’, ‘ठोका धरणारी’, ‘रक्त पातळ करणारी’ असं म्हणतात, जणू घरात सात सुना आहेत आणि प्रत्येकीला काम वाटून दिलंय.

सूट असूनही काका महिन्याला एक अर्ज करायचेच. “भत्ता घेतो ना? मग विचारलेलं बरं,” म्हणायचे. पण त्यांचे अर्ज! एका बेकरीने विचारलं होतं, ‘तुम्हाला आमच्याकडे का काम करावंसं वाटतं?’ काकांनी लिहिलं, ‘वाटत नाही. पण दिलंत तर मन लावून करीन.’ ‘तुमच्यातला एक दोष सांगा’ या प्रश्नाखाली जागा अपुरी पडली म्हणून त्यांनी पुरवणी जोडली. सरकारने नेमलेल्या एका एजन्सीत त्यांना अधूनमधून हजेरी लावावी लागे. तिथली केसवर्कर दर दोन-तीन महिन्यांनी बदले, आणि काका प्रत्येक नवीन मुलीला चकल्यांचा डबा नेऊन आपली हकिकत पहिल्यापासून सांगत. “तिला मागचं माहीत नसतं रे,” ते म्हणत, “आणि मला नवीन काही घडलेलं नसतं. दोघांचीही अडचणच की.”

असं सगळं बरं चाललेलं असताना मला दुर्बुद्धी झाली. मंडळाचा वर्धापनदिन होता, काकांचा सत्कार ठरला, आणि सेक्रेटरी या नात्याने मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजात मला वक्तृत्वाचा कप मिळालेला आहे. तो मिळाला नसता तर आज एक माणूस सुखात असता. मी जिथे एक विशेषण पुरेल तिथे तीन घालतो आणि चौथ्यासाठी जागा राखून ठेवतो. मी लिहिलं: ‘थकवा हा शब्द ज्यांच्या कोशात नाही, शंभर माणसांचं पातेलं जे फुलासारखं उचलतात, रात्रंदिवस जे मंडळासाठी राबतात, ज्यांच्या वाटेला जायला म्हातारपणही धजावत नाही, ज्यांच्या हाताला अन्नपूर्णेची चव आहे, असे आमच्या मंडळाचे आधारस्तंभ...’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका खाली मान घालून बसले होते. शालीत ते फारच लहान दिसत होते. प्रमुख पाहुणे म्हणून स्थानिक काउन्सिलर आले होते, म्हणून मागच्या बाजूला इंग्रजी भाषांतरही छापलं होतं. तेही माझंच. एकही विशेषण वाटेत सांडू न देता मी ते समुद्रापार नेलं होतं. खाली अध्यक्षांची सही आणि मंडळाचा गोल शिक्का.

काकांनी त्याची फ्रेम केली आणि बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या बरोबर वर, लावली. पण फ्रेम करण्याआधी त्यांनी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली. कारण एजन्सीच्या फॉर्मवर छापलेलं असतं, ‘आपल्या कामाविषयी वा क्षमतेविषयी काही नवीन कागदपत्र असल्यास सोबत जोडावे.’ सहा वर्षं काकांकडे नवीन असं काहीच नव्हतं. आता होतं. केसवर्करने वाचलं आणि म्हणाली, “ऑ, दॅट्स सो ब्यूटिफुल!” आणि प्रेमाने ते काकांच्या फाइलला चढवून टाकलं.

पुढे कुणा अधिकाऱ्याचा फोन आला. ‘नवीन पुराव्याच्या आधारे’ काकांची क्षमता पुन्हा तपासायची होती. त्याने विचारलं, तुम्ही मोठी भांडी उचलता का? यावर ‘नाही’ एवढं दोन अक्षरी सत्य काकांना पुरलं असतं. पण मानपत्र खोटं म्हणायचं म्हणजे अध्यक्षांची सही खोटी, मंडळाचा शिक्का खोटा आणि मी खोटा. काका म्हणाले, “मला तसं आठवत नाही. पण आमच्या सेक्रेटरीने लिहिलंय, म्हणजे त्याने काहीतरी पाहिलं असेल.”

सूट रद्द झाली. एका गोदामात खोकी लावायचं काम निघालं आणि काकांना तिथे जायला सांगितलं. सांगितलं म्हटल्यावर काका गेले, डबा घेऊन, फॅक्टरीतले जुने बूट घालून. तिसऱ्या दिवशी ते एका खोक्यावर बसले आणि त्यांना उठता येईना. सुपरवायझरने त्यांना टॅक्सीत बसवून घरी पाठवलं आणि कागदावर लिहिलं, ‘स्वतःहून काम सोडले.’ भत्ता थांबला. त्यामागोमाग कार्ड गेलं. डॉक्टरांनी नवीन पत्र दिलं, ते रांगेत जाऊन बसलं. घर काकूंच्या शाळेच्या कँटीनमधल्या तासांवर चालू राहिलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. काकांनी सांगितलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून. एका डोहाळजेवणाचं पातेलं परत करायला मी गेलो, तर काका डायनिंग टेबलाशी अडकित्ता घेऊन बसले होते.

“काय काका, सुपारी सुरू केलीत? हार्टला चालते का?”

“सुपारी नाही रे, गोळी आहे. अर्धी करतोय. ही ठोका धरणारी फार टणक आहे.”

“डॉक्टरांनी डोस कमी केला?”

“डॉक्टरांनी नाही. मीच,” काका म्हणाले, आणि अर्धा तुकडा टेबलाखाली उडाला तो शोधायला वाकले. मग तसेच, वाकलेल्या स्थितीत, बराच वेळ थांबले. तुकडा त्यांना दिसला होता. वर यायला दम नव्हता. मी त्यांना धरून बसवलं. हलके होते. पातेल्यापेक्षा कितीतरी हलके.

काकूंनी मग मला सगळं सांगितलं, मी वर जसं लिहिलं त्याच क्रमाने, फक्त विशेषणं न वापरता. त्या सांगत होत्या आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, माझं मानपत्र चकाकत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून फोन लावला. संगीत ऐकून ऐकून मला ते पाठ झालं, तेव्हा एक बाई आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या की फेरविचार होऊ शकतो. पण ज्याने तो दाखला लिहिला त्याने, त्यातली कोणकोणती विधानं खरी नाहीत, हे प्रतिज्ञेवर लिहून द्यावं. सगळी. एकेक करून. मी म्हटलं, “बाई, तो दाखला नव्हे, ते मानपत्र आहे. आमच्यात असं लिहितात.” त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमच्यात खोटं लिहितात?” मी म्हटलं, नाही, म्हणजे हो. त्यांनी ते टाइप केल्याचं मला ऐकू आलं.

शनिवारी मी कच्चा मसुदा घेऊन काकांकडे गेलो. प्रतिज्ञापत्र म्हटल्यावर एकेक शब्द त्यांना तपासून हवा होता. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन ते बसले. मी वाचू लागलो.

“‘थकवा हा शब्द ज्यांच्या कोशात नाही.’ हे विधान खरे नाही.”

“बरोबर. लिही, थोडं चाललं तरी तो शब्द लागतो.”

“‘पातेलं फुलासारखं उचलतात.’ खरे नाही.”

“साधं दुधाचं भांडंही ही उचलते. तेही लिही.”

“‘रात्रंदिवस राबतात.’”

“महिन्यातून एकदा. बसून.”

“‘म्हातारपण धजावत नाही.’”

काकांनी नुसती पेन्सिल फिरवली.

“‘आधारस्तंभ’... काका, हे राहू द्यायचं का? याने काही बिघडत नाही.”

“नको. खोड. तो कोण अधिकारी बसलाय त्याला वाटेल, अजून उभा आहे.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला. “आणि ते चवीचं? तेही खोडलंस?”

“नाही काका. ते खरं आहे. ते मी घेतलंच नाहीये यात.”

“हां,” ते म्हणाले. “मग ठीक.” आणि पुढची पाच मिनिटं ते उगाचच मानपत्राच्या झेरॉक्सवरच्या त्या एका न खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून बसले.

प्रतिज्ञापत्रावर इथे फार्मासिस्टची साक्षही चालते. म्हणून ज्या दुकानातून सात सुना स्वस्तात घरी यायच्या, त्याच दुकानात आम्ही गेलो. पार्किंगपासून दारापर्यंत काका दोनदा थांबले. तिथली बाई काकांना ओळखत होती. तिने मला रीतसर विचारलं, यातलं सगळं खरं आहे ना? आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिलेल्या मजकुरातला शब्दन् शब्द खरा होता. इतकं वाईट लिहिलेलं मला कधी वाटलं नव्हतं. मी सही केली. तिने शिक्का मारला. तोही गोलच होता.

याला अकरा आठवडे झाले. अर्ज ‘विचाराधीन’ आहे. मंडळातल्या कोणी गोळ्या आणून दिल्या तर काका घेत नाहीत. त्यावर कोणाचं नाव आहे ते आधी वाचतात. अडकित्ता टेबलावरच असतो.

गेल्या रविवारी पातेलं मागायला गेलो, तर गॅरेजमध्ये ते माझ्यासाठी काढून ठेवलेलं होतं. आत, जुन्या टॉवेलात गुंडाळून, मानपत्राची फ्रेम होती. मी ती घेऊन घरात गेलो. सोफ्यावरच्या भिंतीवर एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा राहिला होता, आणि त्याच्याखाली काका डोळे मिटून बसले होते.

“काका, ही का काढलीत?”

“आपणच खोटं आहे म्हणून सही दिली ना?” डोळे न उघडता ते म्हणाले. “मग लावून ठेवणं बरं नाही. पातेल्याच्या कानाला धर हं. गळ्याला नको. मी काही आता येत नाही बरोबर. आमटीत गूळ तूच बघ.”

पातेलं त्यांच्याशिवाय पहिल्यांदाच जाणार होतं. मी ते आणि फ्रेम घेऊन दारापर्यंत आलो. काकू दार उघडायला मागोमाग आल्या. मला वाटलं, काही निरोप असेल.

“आणि हे बघ,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ह्यांच्याबद्दल परत कधी काही चांगलं लिहू नकोस.”