वीसची पाटी

गोमतीबाई रहांगडाले आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा एकतीस वर्षांत त्यांच्या तीन मोपेडी झिजल्या होत्या आणि चौथी स्कूटी अंगणात उभी होती. तिरोडा तालुक्यातले रस्ते त्यांनी लसींचा डबा पुढे ठेवून केले होते. कुठल्या वळणावर गिट्टी सुटलेली असते आणि कुठल्या घरचा कुत्रा चाकावर धावून येतो, हे त्यांना पाठ होतं. एवढ्या वर्षांत त्या दोनदा पडल्या. दोन्ही वेळा म्हैस आडवी आली होती.

नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगा खुमेंद्र आणि सून टीना पुण्याला. गोमतीबाई गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरात एकट्या राहत, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

चारचाकी घ्यायचं कारण त्यांची मोठी बहीण. अनुसयाबाईंना लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. बहिणीचं गाव बोदलकशाच्या तलावाकडे, कुडव्याहून तासाभराच्या वाटेवर. हात-पाय रोज हलवले नाहीत तर आखडतात, हे घरातल्यांना सांगून कळलं, पण रोज करणार कोण? गोमतीबाई सोमवारी आणि गुरुवारी जाऊ लागल्या. तेल लावून चोळायचं, बोटं एकेक उघडायची, मुठीत चेंडू द्यायचा. स्कूटीवर तेवढा रस्ता आता गुडघे काढू देत नव्हते. मग एकसष्टाव्या वर्षी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शेजारची मंजू म्हणाली, "अब इस उमर में क्या चाची?" गोमतीबाई म्हणाल्या, "इसी उमर में टाइम मिला."

गाडी खुमेंद्रनं निवडली. इलेक्ट्रिक, पांढरी. पैसे गोमतीबाईंचे, पण बुकिंग पुण्याहून ऑनलाइन झालं. त्यामुळे गाडी आईच्या नावावर आणि गाडीचं अ‍ॅप मुलाच्या फोनवर, अशी वाटणी आपोआप होऊन गेली.

गाडीत आरशामागे कॅमेरा होता. रस्त्यावरचा वेगमर्यादेचा बोर्ड तो वाचायचा आणि तो आकडा समोरच्या स्क्रीनवर लाल गोलात दिसायचा. पुढचा बोर्ड येईपर्यंत आकडा तोच राहायचा. त्याच्यापेक्षा जास्त वेगानं गेलं की टुंग टुंग वाजायचं, आणि अ‍ॅप ज्याच्या फोनवर त्याला मेसेज जायचा. चार महिने एकही मेसेज गेला नाही. सप्टेंबरात पहिला गेला.

"आई, एकावन्न? वीसच्या रस्त्यावर?" खुमेंद्रचा फोन आला तेव्हा गोमतीबाई नुकत्या घरी पोचल्या होत्या.

"वीसचा कोणता रस्ता?"

"गाडी सांगते ना. बोर्ड असल्याशिवाय कशी सांगेल? तुला दिसला नाही का?"

"तिथं बोर्डच नाही."

"ऑपरेशन झालेल्या डोळ्याला काही त्रास होतो का?"

मोतीबिंदूचं ऑपरेशन दीड वर्षापूर्वी झालं होतं. गोमतीबाई सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवत. त्यांनी तसं सांगितलं. खुमेंद्र हूं म्हणाला.

त्यानंतर दर सोमवारी आणि गुरुवारी मेसेज जात राहिला, आणि नेहमी परतीच्या वाटेवर. जाताना काही नाही. सहाव्या फोनला टीनाही बोलली. फोन स्पीकरवर होता.

"आई, आम्हाला काळजी वाटते हो. आणि तसंही माझं ऑफिस आता बावीस किलोमीटर लांब गेलंय. गाडी इकडे राहिली तर वापरात राहील. तुम्हाला एसटीचं हाफ तिकीट आहेच ना?"

"एसटी त्या गावाले सकाळी जाते अन् संध्याकाळी येते," गोमतीबाई म्हणाल्या. "अन् ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी येत नाही."

"दिवाळीला येतो," खुमेंद्र म्हणाला. "तेव्हा गाडी घेऊन जातो. तोवर हळू चालव. आणि एक अपडेट आलंय, ते करून घे. कदाचित त्यातच ठीक होईल."

दिवाळीला सहा आठवडे होते. गोमतीबाईंनी फोन ठेवला आणि भात चढवला.

अपडेट त्यांनी गुरुवारी सकाळी केलं. फोनचं नेट गाडीला जोडायचं, बटण दाबायचं आणि गाडीला हात लावायचा नाही. स्क्रीनवर चाळीस मिनिटं लिहिलं होतं. मंजू कढीपत्ता मागायला आली.

"चाची, बंद पड गई क्या?"

"नाही गं. शिकून राहिली."

शिकायला गाडीला सव्वा तास लागला. गोमतीबाई बहिणीकडे पोचल्या तेव्हा अनुसयाबाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. कधीपासून, ते कोणी सांगितलं नाही.

अपडेटनं एकच फरक पडला. टुंग टुंग गेलं आणि त्याजागी एक बाई हिंदीत बोलू लागली. टुंग टुंग फक्त वेग वाढल्यावर वाजायचं. ही बाई वेग वाढल्यावर तर बोलायचीच, शिवाय बोर्ड दिसला की तिथल्या तिथे त्याचा आकडाही सांगायची. त्याच दिवशी परतताना, बहिणीच्या गावाबाहेर अर्धा किलोमीटरवर ती म्हणाली, "गति सीमा बीस."

गोमतीबाईंनी गाडी बाजूला घेतली आणि उतरून मागे चालत गेल्या. डाव्या हाताला धानाचं वावर होतं. बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या कडेला, रस्त्याला लागूनच बांबूवर पत्र्याची पाटी होती, गावातून निघणाऱ्याकडे तोंड केलेली. पांढऱ्या पत्र्यावर लाल गोल, गोलात इंग्रजी आकड्यात ठळक वीस, आणि खाली बारीक अक्षरात एका बियाणे कंपनीचं नाव. कंपनीनं त्या वर्षी नवं वाण काढलं होतं, वीस नंबरचं. कोणाच्या वावरात ते कसं आलं आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून पाटी लावली होती.

वावर उदारामचं होतं. उदाराम म्हणजे अनुसयाबाईंचा नवरा.

गोमतीबाईंनी गाडी मागे नेऊन पुन्हा आणली. बाई म्हणाली, बीस. तिसऱ्यांदा त्यांनी पाटीवर आपली ओढणी टाकली आणि पुन्हा येऊन पाहिलं. बाई गप्प राहिली. ताप तीनदा मोजल्याशिवाय त्या औषध देत नसत. इथून हमरस्त्याच्या बोर्डापर्यंत अकरा किलोमीटर होते, आणि तेवढे सगळे किलोमीटर गाडीच्या हिशेबानं वीसचे होते. त्यांनी पाटीचा फोटो काढून खुमेंद्रला पाठवला.

"आई, कॅमेरा एवढा मूर्ख नसतो," खुमेंद्रनं लिहिलं. "तरी कंपनीला कळवतो."

त्यानं कळवलं की नाही, हे गोमतीबाईंनी विचारलं नाही.

सोमवारी त्यांनी उदारामकडे विषय काढला. ते बाजेवर बसून कानात काडी घालत होते.

"भाऊजी, ते पाटी जरा आत सरकवा. माही गाडी तिले रस्त्याचा बोर्ड समजून राहिली."

उदारामनं काडी काढली. "एवढी मोठी गाडी घेतली, अन् तिले धान अन् रस्ता समजत नाही?"

"नाही समजत."

"मंग तिले शाळेत घाल ना, नर्सबाई. पाटी कायले काढू? साऱ्या गावात कंपनीच्या मानसानं माह्याच वावरात लावली. कापनीले फोटो काढाले येऊन राहिला तो. वीस नंबर आहे म्हनून लोकं थांबून पायतेत."

"कोण थांबते?"

"तू नाही थांबली?"

गोमतीबाई बहिणीची बोटं उघडत होत्या. अनुसयाबाईंच्या तोंडाची एकच बाजू हलत असे. ती हलली.

"याच्या... गऱ्यात... लावा पाटी," त्या म्हणाल्या.

उदाराम खो खो हसले. पाटी मात्र हलली नाही.

पोतं टाकून ती झाकता आली असती. गोमतीबाईंनी ते केलं नाही. एकतीस वर्षांत न दिलेली लस त्यांनी रजिस्टरात दिली म्हणून लिहिली नव्हती. अकरा किलोमीटर वीसच्या वेगानं जायचं म्हणजे तेहतीस मिनिटं, हेही त्यांनी काढून पाहिलं आणि सोडून दिलं. त्या पूर्वीसारख्याच पन्नासच्या आसपास येत राहिल्या. मेसेज पुण्याला जात राहिला. खुमेंद्रनं फोन करणं बंद केलं. ते फोनपेक्षा वाईट होतं.

दिवाळीला दोघं आले. खुमेंद्रनं गोंदिया ते पुणे वाटेत कुठे कुठे गाडी चार्ज करता येईल त्याची यादी आणली होती. ती त्यानं फ्रिजवर चुंबकानं लावली. टीनानं गाडीच्या सीटला हात लावून पाहिला आणि कव्हरं कोणत्या रंगाची घ्यायची ते बोलली. गोमतीबाईंनी अनारसे डब्यात भरले.

"मावशीकडे फराळ द्यायचा आहे," त्या म्हणाल्या. "तूच चालव."

जाताना काही झालं नाही. खुमेंद्र म्हणाला, "बघ, मी पंचावन्ननं आलो. एकदा तरी बोलली का?" गोमतीबाई म्हणाल्या, "जाताना नाही बोलत."

मावशीकडे तो पंधरा मिनिटं बसला. अनुसयाबाईंनी त्याला चेंडू दाबून दाखवला. एका महिन्यापूर्वी ते जमत नव्हतं. खुमेंद्रनं "अरे वा" म्हटलं आणि घड्याळ पाहिलं.

हलका, लवकर पिकणारा धान सगळीकडे कापून झाला होता. उदारामचा वीस नंबर भारी, उशिरा पिकणारा निघाला, तो अजून उभाच होता. परतताना गाडी गावाबाहेर पडली, पंचेचाळीसचा वेग होता, आणि बाई म्हणाली, "गति सीमा बीस."

खुमेंद्रनं ब्रेक दाबला. मागून धानाचे भारे लादलेला ट्रॅक्टर येत होता. तो जोरात भोंगा वाजवत कसाबसा उजवीकडून निघाला. त्याच्यावरचा माणूस ओरडला, "ओ साहेब! झोपले का?"

"काऊन ओरडून राहिला रे!" खुमेंद्रच्या तोंडून निघालं. पुण्यात गेल्यापासून तो असा बोलत नव्हता.

"ते पाय पाटी," गोमतीबाई म्हणाल्या.

त्यानं पाहिलं. टीनानंही खिडकीतून पाहिलं. पाटीवर कावळा बसला होता.

"ठीक आहे, कळलं मला," तो म्हणाला आणि वेग वाढवू लागला.

"वीस," गोमतीबाई म्हणाल्या.

"आई, कळलं म्हटलं ना."

"मले सप्टेंबरातच कळलं. पण तुह्या मोबाईलले नाही कळलं. वीसनं चालव. हमरस्ता अकरा किलोमीटर आहे."

खुमेंद्रनं आईकडे पाहिलं. ती समोर पाहत होती. त्यानं गाडी वीसवर ठेवली. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, समोर कोणी नाही. मागून मोटरसायकली निघून गेल्या. मग गवताचा भारा मागे बांधलेला एक म्हातारा सायकलवर आला. तो गाडीच्या बरोबरीनं काही वेळ चालला, वाकून आत पाहिलं.

"काही बिघडलं का जी?" त्यानं विचारलं.

"नाही, बाबा," गोमतीबाई म्हणाल्या. "जा तुम्ही पुढं."

म्हातारा पुढे गेला.

टीना आधी हसली. तोंडावर हात धरला, पण आवाज आलाच. "खुमेंद्र, ती सायकल गेली रे पुढे."

साडेतीन किलोमीटर त्यानं काढले. मग पाय दाबला. बाईनं मर्यादा सांगितली, आणि खाचेत ठेवलेला त्याचा फोन वाजला. खुमेंद्रच्या अतिवेगाची तक्रार खुमेंद्रकडे आली होती.

"पुढच्या अपडेटमध्ये ठीक करतील," तो म्हणाला.

"करतील तेव्हा करतील. घरी गेल्यावर त्या अ‍ॅपमध्ये माहा नंबर टाक."

"मग मला काहीच कळणार नाही, आई."

"मी फोन करत जाईन ना. तू पण करत जा."

टीना बाहेर पाहत होती. "तसंही तिकडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी म्हणजे डोकेदुखीच," ती कोणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही.

घरी आल्यावर खुमेंद्र ओसरीत बसला आणि नंबर बदलू लागला. ओटीपी गोमतीबाईंच्या फोनवर आला. त्यांनी सहाही आकडे बाळाचं वजन सांगावं तसे स्पष्ट सांगितले. फ्रिजवरची यादी दुसऱ्या दिवशी दिसली नाही. चुंबक तिथेच होतं.

त्या दिवशी खुमेंद्र गाडी घेऊन गोंदियात मित्राला भेटायला गेला. गोमतीबाई वालाच्या शेंगा सोलत असताना फोन वाजला. वेग त्रेसष्ट, मर्यादा तीस. कुठे, तेही लिहिलं होतं. त्यांनी फोन उपडा ठेवला. खुमेंद्र दुपारी आला तेव्हा शेंगा शिजल्या होत्या.

"शाळेसमोर त्रेसष्ट होती," वाढताना त्या म्हणाल्या.

"तिथं बोर्ड आहे?"

"आहे. धानाचा नाही."

तो जेवू लागला. टीनानं त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

दोघं बुधवारच्या रेल्वेनं पुण्याला गेले. गुरुवारी गोमतीबाई बहिणीकडे गेल्या. परतताना उदारामच्या वावरापाशी बाई म्हणाली, बीस. गोमतीबाई पन्नासनं आल्या. घरी पोचल्यावर त्यांनी मेसेज वाचला, पुसला, आणि गाडी चार्जिंगला लावली.