एका खोडाचं एक फूल

मी आयुष्यात एकदाच नाकाचा शस्त्र म्हणून वापर केला आणि ते शस्त्र माझ्यावरच उलटलं. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, सोलापुरात मराठी शाळेत मास्तर होतो, आणि माझ्या नावापुढे 'तात्पुरता' हा शब्द तीन वर्षं चिकटून बसला होता.

पावसाळ्याच्या सुरुवातीला हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "संक्रांतीनंतर डेप्युटीसाहेब तपासणीला येतील. त्यांच्यापुढे वस्तुपाठ तुम्ही घ्यायचा. विषय, खोड. चांगला उतरला तर कायम व्हाल. नाही तर..."

हेडमास्तर ते वाक्य कधीच पुरं करत नसत. ते मी मनातल्या मनात करायचो. नाही तर मैंदर्गीला मामांच्या दुकानात मिरच्या जोखायच्या. एका सुट्टीत मी तिथं आठ दिवस बसलो होतो. सातशे शिंका मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं. मामा मात्र दर पत्रात लिहीत, तुझी जागा राखून ठेवली आहे.

डेप्युटीसाहेबांची ख्याती आमच्या कानांवर होती. वस्तुपाठ म्हटला की खरी वस्तूच पुढ्यात हवी, चित्रं त्यांना खपत नसत. मोहोळच्या शाळेत एका मास्तरांनी गाईचं रंगीत चित्र टांगून पाठ सुरू केला, तेव्हा साहेबांनी शांतपणे विचारलं होतं, "ही दूध किती देते?" त्या मास्तरांनी तिथंच चित्र गुंडाळलं म्हणे.

मी ठरवलं, खोडच आणायचं, जिवंत, मुळापासून फुलापर्यंत.

अक्कलकोट रस्त्याला एका बाईंचा फुलांचा मळा होता. सकाळी आमच्या कोपऱ्यावर त्या टोपली घेऊन बसत. मी त्यांना अक्का म्हणायचो. "एन्री मास्तर," म्हणजे 'काय हो मास्तर', अशी त्या कानडीत हाक मारायच्या, आणि पुढचं सगळं मराठीत सुनवायच्या. त्यांनी मला शेवंतीच्या एकाच झाडाच्या दोन काड्या दिल्या. मी त्या रॉकेलच्या दोन डब्यांत लावल्या. दोन्ही वीतभर झाल्यावर एकीचा शेंडा नखानं खुडला. दुसरीचा शेंडा तसाच ठेवला, पण पानांच्या बगलेतून जो जो फुटवा डोकं काढील तो तो उडवत गेलो. दिवाळीपर्यंत पहिली काडी झुडूप झाली, दुसरी छडीसारखी सरळ उभी राहिली. पुढे झुडपाला कळ्यांचे घोस लागले आणि छडीच्या टोकाला एकच कळी आली, लिंबाएवढी.

हाच माझा पाठ होता. झाड एक, माती एक, फरक फक्त नखाचा. मी हेडमास्तरांना सांगितलं, ते खूश झाले, आणि खुशीच्या भरात त्यांनी डेप्युटींना पत्रात कळवूनही टाकलं की आमचे मास्तर एका खोडाचं एक फूल, बशीएवढं, दाखवणार आहेत.

अक्का मात्र हसल्या होत्या. "एका काडीला एकच फूल? लगीन कुणाचं लावायचं त्यात?"

संक्रांत तोंडावर आली तशी कळी उमलली. खरोखर बशीएवढं, पिवळंधमक फूल. आणि त्याच दिवसापासून माझी झोप उडाली, कारण घरमालकांनी ते पाहिलं.

घरमालक म्हणजे कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. मी त्यांना काका म्हणायचो. रोज पहाटे आंघोळ करून, ओलं धोतर झटकत, एका हातात परडी आणि दुसऱ्या हातात आकडी लावलेली काठी घेऊन ते बाहेर पडत. कुणाच्याही कुंपणातलं फूल ते निःसंकोच ओढत. देवाला फूल हवं म्हटल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. नाही म्हणणाऱ्यालाच पाप लागतं, अशी आमच्या गल्लीत सगळ्यांची समजूत होती. आणि माझे डबे तर त्यांच्याच अंगणात होते.

पहिल्या सकाळी काका फुलासमोर उभे राहिले. परडी खाली ठेवली. मी खिडकीतून पाहत होतो, तो धावत बाहेर आलो.

"मास्तर," ते म्हणाले, "उद्या पुरतं उमलेल. उद्या घेतो. महादेवाला शोभेल."

"काका, हे शाळेसाठी आहे. डेप्युटी येणार आहेत."

"डेप्युटी मोठे की महादेव?"

त्या दिवशी शाळेत मी गणिताच्या तासाला भूगोल शिकवला. संध्याकाळी फुलावर टोपली झाकायचा विचार केला, पण काकांना टोपली उचलता येत होती. डबा खोलीत न्यावा तर खोलीला ऊन नाही, आणि तपासणीला तेरा दिवस होते. पहाटे अंगणात बसून राहिलो तेव्हा आठवलं. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही.

काका आंघोळीहून आले. त्यांनी आकडी भिंतीला टेकवली, हात पुढे केला. मी झटकन वाकलो, त्यांच्या डोळ्यांदेखत फुलात नाक खुपसलं आणि पोटभर श्वास घेतला. शेवंतीला वास तो काय, कडवट, काढ्यासारखा. पण मी डोळे मिटून "वा" म्हणालो.

काकांचा हात हवेतच राहिला.

"हे तुम्ही जाणूनबुजून केलंत."

"वास फार छान आला, काका. राहवलं नाही."

"राहवलं नाही," ते म्हणाले. "कोर्टात तीस वर्षं हेच ऐकलं. सगळे हेच म्हणायचे." आणि ते तगरीकडे वळले.

पुढच्या तीन सकाळी मी हा विधी मनोभावे पार पाडला. एकदा हुंगलेलं पुरे होतं, पण मला धाक वाटायचा की काका विसरतील. ते लांबून पाहायचे, मान हलवायचे आणि आत जाऊन मोठ्यानं सांगायचे, "वाया घालवलं हो ते फूल. देवाच्या कामातून गेलं."

आत कोण ऐकतंय, याचा मी विचार केला नाही. तिथंच चुकलो.

चौथ्या दिवशी शाळेतून आलो तर छडी उभी होती आणि तिच्या टोकाला काही नव्हतं. बोटभर खाली, नखानं तोडल्याची ओली खूण. तेवढ्यात काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, हळदीकुंकवाला निघाल्या. नऊवारी लुगडं, हातात वाण, आणि अंबाड्यावर माझं फूल. अख्खा अंबाडा झाकला होता त्यानं.

मी अंबाड्याकडे नुसतं बोट दाखवलं. काकूच म्हणाल्या, "अहो, देवाला चालत नाही म्हणून हेच रोज सांगत होते. म्हटलं, देवाला नाही तर मला. मी कुठं महादेव आहे?"

ओसरीवर बसलेल्या काकांनी पेपर तोंडापुढे धरला. पेपर हलत होता. ते हसत होते की घाबरले होते, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

तपासणीला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी विचारलं, "फूल कसं आहे?"

"टवटवीत," मी म्हणालो. खोटं नव्हतं. काकूंनी ते वाटीत पाणी घालून ठेवलं होतं.

मी अक्कांकडे धावलो. एक मोठं फूल द्या, खोडासकट द्या, मागाल ते द्यायला तयार आहे, म्हणालो. त्यांनी टोपली पुढे केली. सगळी रुपयाएवढी, हारात ओवायची फुलं.

"असलं एकफुली झाड आख्ख्या सोलापुरात न्हाय मिळायचं. येडं तुमीच एक," त्या म्हणाल्या. मग माझं तोंड बघून जरा नरमल्या. "मुंडकं कोण उडिवलं?"

"घरमालकीणबाईंनी."

"मग रडताय कशाला? झाड मेलं न्हाय. आता बगलंतलं डोळं जागं हुतील. रोज बघत ऱ्हावा."

"इतके दिवस का नाही झाले जागे? मी काही काही ठिकाणी खुडलंही नव्हतं."

अक्कांनी सुई थांबवली. "मास्तर, शेंडा म्हंजे सासू. ती वर बसलीय तवर सुना गप. ती गेली की समद्यांला तोंड फुटतं. जी जवळ असंल तिला पैलं."

मी घरी येऊन छडीसमोर बसलो. सहा-सात पानं उरली होती. प्रत्येक पानाच्या बगलेत, देठ जिथं खोडाला मिळतो तिथं, मी भिंगानं पाहिलं. बरेचसे डोळे मीच उडवले होते. तिथं काळे डाग होते. वरच्या तीन पेरांवर मात्र खसखशीएवढी काहीतरी टिंबं होती. ती डोळे होती की धूळ, हे कळत नव्हतं. फुंकर मारली. गेली नाहीत.

तिसऱ्या दिवशी टिंबं टिंबंच होती. चौथ्या दिवशीही. हेडमास्तरांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा टवटवीत म्हणालो, आणि त्या दिवशी मात्र ते खोटं होतं, कारण वाटीतलं फूल काकूंनी तुळशीत टाकलं होतं. त्याच दिवशी टपालानं मामांचं पत्र आलं. मिरचीचा नवा माल उतरला होता.

पाचव्या सकाळी कुणीतरी दार वाजवलं. काका होते. परडी रिकामी, आवाज कोर्टातल्यासारखा बारीक.

"मास्तर, बाहेर या. पुरावा आहे."

आम्ही दोघं डब्याशी उकिडवे बसलो. सर्वांत वरच्या टिंबाला चीर पडली होती आणि चिरेतून हिरवं टोक डोकावत होतं, तांदळाच्या कणीएवढं. काकांनी परडी मागे सारली.

"याला हुंगू नका," ते म्हणाले.

तिथून पुढचे दिवस अंगणात पहारा त्यांचा होता. शेळी, चिमणी, काकू, कुणालाही ते डब्याजवळ फिरकू देत नव्हते. तपासणीच्या सकाळपर्यंत वरचा कोंब बोटाच्या पेराएवढा झाला, त्याखालचा अर्धा, तिसरा नुसता हिरवा ठिपका. गिरणीचा भोंगा झाल्यावर आम्ही दोन्ही डबे टांग्यात ठेवले. काका मांडी घालून मध्ये बसले आणि शाळेच्या फाटकापर्यंत आले.

डेप्युटीसाहेब किडकिडीत होते. लांब कोट, पगडी, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. ते वर्गाच्या मागच्या बाकावर बसले. हेडमास्तर दारात. मी झुडपाचा डबा टेबलावर ठेवला, शेंडा कसा खुडला, फांद्या कशा फुटल्या, प्रत्येक फांदीला फूल कसं आलं, ते सांगितलं. मग दुसरा डबा ठेवला. हेडमास्तरांनी तो पाहिला आणि मग ते छताच्या तुळईकडे पाहू लागले.

साहेब उठून पुढे आले.

"इथं मोठं फूल असणार होतं ना?"

"होतं, साहेब."

"मग?"

फुलाला कीड लागली, असं सांगायचं मी रात्रीच ठरवलं होतं. पण ती तोडल्याची खूण समोर होती आणि साहेबांनी खिशातून भिंग काढलं होतं.

"आमच्या मालकीणबाईंनी डोक्यात घातलं."

वर्ग हसण्यानं फुटणार होता. साहेबांनी मागे न बघता नुसता हात वर केला, तसा थांबला.

"फूल गेल्यावर हा दांडा का आणलात?"

"फूल गेल्यावर खोड काय करतं ते दाखवायला, साहेब. नऊ दिवसांत त्यानं हे केलं."

त्यांनी भिंग लावलं. वरचा कोंब पाहिला, मधला पाहिला, खालचा ठिपका पाहिला. माझ्या कपाळावरचा घाम नाकावर उतरला आणि मी तो पुसला नाही.

"हे डोळे सहा महिने कुठं होते?"

"इथंच. पानांच्या बगलेत. झोपलेले."

"का झोपलेले?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. निदान माझ्या पुस्तकात नव्हतं. मैंदर्गीच्या दुकानातला तराजू मला स्पष्ट दिसला.

"शेंडा म्हणजे सासू, साहेब," मी म्हणालो. "ती वर बसली आहे तोवर सुना गप्प असतात. ती गेली की जी जवळ असेल ती आधी बोलते."

हेडमास्तरांनी डोळे मिटले.

"हे कोणी सांगितलं?"

"आमच्या कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या बाईंनी."

साहेबांनी वही काढून काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं. मग वाकून त्यांनी तो वरचा, पेराएवढा, पाच दिवस जपलेला कोंब दोन बोटांत धरला आणि खुडला. माझ्या तोंडून आवाज निघाला.

"आता कोण बोलेल?"

"दुसरी सून, साहेब. बहुतेक."

"बहुतेक नको. पाहून पंधरा दिवसांनी मला कळवा."

"पण पंधरा दिवसांनी मी या शाळेत असेन की नाही..."

"नसाल तर कळवणार कसे?" ते म्हणाले आणि पुढच्या वर्गाकडे चालू लागले.

दुसरी सूनच बोलली. मी तसं कळवलं, आणि महिन्याभरानं कायमचा हुकूम आला. अक्कांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सासू मेल्याबिगर कुणाचं बरं झालंय," आणि एक गजरा फुकट दिला. मामांनी मात्र वर्षभर पत्र लिहिलं नाही.

फाल्गुनात त्या छडीला दोन बारकी फुलं आली. एक काकूंनी हक्कानं मागून घेतलं. दुसऱ्यापाशी काका परडी घेऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"नाक लावलं नाहीत ना?"

"नाही, काका."

त्यांनी ते हलकेच खुडून परडीत ठेवलं. आता ते नाहीत म्हणून सांगतो, लावलं होतं. पहाटे उठल्या उठल्या सवयीनं वाकलो होतो.