ऐकणाऱ्याची सही

खिळे करणारं यंत्र तार गिळतं तेव्हा आवाज होत नाही. खिळा थुंकतं तेव्हा होतो. मिनिटाला तीनशे खिळे, आणि एका शेडमध्ये अशी बावीस यंत्रं. रामकिसन जिंतूरकडचं गाव सोडून बोईसरला आला, तेव्हा पहिला आठवडाभर त्याचं डोकं ठणकलं. महिन्याने ठणकायचं थांबलं. सोळा वर्षांनी आवाजच थांबला. एकदम नाही. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग दाराआडून हाक मारणारी बायको.

शेडमध्ये त्यावाचून काही अडत नव्हतं. तिथे सगळेच हातांनी आणि ओठांनी बोलतात. अडायचं ते वर्षातून एकदा, कंपनीच्या तपासणीत. काचेच्या खोलीत बसवून कानांना डबे लावायचे, काचेपलीकडचा तपासनीस कळ दाबून आवाज सोडणार, आणि तो आला की आपण बटण दाबायचं. शेजारच्या यंत्रावरच्या इंद्रजीतने त्याला युक्ती सांगितली होती, "भैया, आवाज मत ढूँढो. उसका कंधा देखो. कंधा हिला, बटन दबाओ." रामकिसन खांदा बघत पास झाला. इंद्रजीतच्या पाळीला नेमका काचेवर पडदा ओढलेला होता. दुसऱ्या दिवसापासून ठेकेदाराने त्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

रामकिसनचे कान गेलेत, हे घरात फक्त रूपालीला ठाऊक होतं. तिसरीतल्या उत्कर्षाला सांगायचं नाही, असं नवराबायकोने ठरवलं होतं. तिच्याच वर्गात सुपरवायझरचा धीरज होता, आणि लेकराच्या पोटात गोष्ट राहत नाही. बाबा आपल्याशी बोलताना तोंडाकडे टक लावून बघतात, हे उत्कर्षाला लाडाचं वाटायचं. "बाबा, माझं तोंड काय टीव्ही आहे का?" असं म्हणून ती आणखी दोन गोष्टी सांगायची.

जुलैमध्ये सरावलीच्या शाळेत समिधा मॅडमनी नवा उपक्रम काढला. शनिवारी मुलांनी एक पुस्तक घरी न्यायचं, रोज संध्याकाळी घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. सोबत एक कार्ड. त्यात तारीख, पुस्तक, वाचणारा, ऐकणारा आणि ऐकणाऱ्याची सही. महिनाअखेरीला पालकांनी शाळेत यायचं आणि ऐकलेली एक गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची.

उत्कर्षाने ऐकणारा म्हणून बाबांना निवडलं. आजी, म्हणजे रामकिसनची आई सोजराबाई, खाटेवर बसून कुरकुरली, "मी काय मेले का गं? मला ऐकू येत न्हाई व्हय?"

"आजी, तू मध्ये मध्ये झोपतेस."

ती बाबांसमोर मांडी घालून बसली. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे पाठ ताठ, पुस्तक उभं, एक हात लांब. पुस्तकाच्या वर दोन डोळे आणि कपाळ. ओठ पुस्तकामागे.

"जरा खाली धर की," रामकिसन म्हणाला.

तिने मान हलवली. काहीतरी बोलली असेल, मॅडमचं नाव घेऊन.

तो तिच्या भुवया बघू लागला. भुवया उडाल्या की हसायचं, खाली आल्या की च्‌च्‌ करायचं. काचेच्या खोलीतली युक्ती घरात चालू लागली. पान उलटताना चित्र दिसायचं, तेवढ्यावर तो गोष्ट रचायचा. रोज सही करायचा. पुस्तकामागे तिचा आवाज असायचा. त्याला शेवटचा आठवत होता तो चार वर्षांच्या पोरीचा, बोबडा. आता तो कसा असेल, हे त्याने एकदा रूपालीला विचारलंही होतं. रूपाली म्हणाली, "तुमच्यासारखा. भरड." आणि पीठ मळायला वळली.

तिसऱ्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या मुरबे गावासारख्या कुठल्या गावच्या कोळी आजोबांचं पुस्तक आलं. होडी जाते, नात किनाऱ्यावर उभी राहते, शेवटच्या पानावर आजोबा होडीत बसून हसतात. त्या पानाला उत्कर्षाने पुस्तक डोळ्यांवर ओढलं. भुवयाही दिसेनात. पुस्तक खाली आलं तेव्हा रामकिसनने टाळी वाजवली. "झकास! मजा आली."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, दमली असेल.

महिनाअखेरीला वर्गात पालक लहान बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. धीरजची आई पहिल्या बाकावर. मॅडम रामकिसनकडे वळून सावकाश बोलल्या, त्याला ओठ कळले. "उत्कर्षाचे बाबा, तुम्ही सांगा."

त्याने होडीची गोष्ट सांगितली. वादळ येतं, आजोबा बहाद्दर, परत येतात, नातीला मासे देतात, समदे खुश.

वर्गातली पोरं हसत होती. धीरज बाक बडवत होता. मॅडमचा चेहरा अवघडला होता. "नाही हो," त्यांचे ओठ म्हणाले, "आजोबा परत येत नाहीत. शेवटचं चित्र तिच्या आठवणीतलं आहे."

रामकिसनने उत्कर्षाकडे पाहिलं. ती बाकावर नखाने रेघ ओढत होती.

घराच्या वाटेवर ती दहा पावलं पुढे चालली. दारात मात्र वळली, त्याच्यासमोर उभी राहिली. मध्ये पुस्तक नव्हतं.

"बाबा, तुम्ही ऐकतच नव्हता. मी रडत होते."

हे मात्र त्याला शब्दन्‌शब्द कळलं.

रूपालीने त्याचा दंड दाबला. सांगा, असं तिचे डोळे म्हणत होते. शेजारच्या ओट्यावर ठेकेदाराकडचेच दोघे तंबाखू मळत बसले होते. पडदा ओढलेली काच त्याच्या डोळ्यांसमोर आली.

"ध्यान नव्हतं गं लेकरा," तो म्हणाला. "कंपनीचं डोक्यात होतं."

पोरगी आत गेली.

दुसऱ्या संध्याकाळी ती आजीच्या खाटेवर चढली, बाबांकडे पाठ करून. वाचू लागली. सोजराबाई जागी राहिली. गोष्टीला हुंकार लागतो, तो म्हातारी देत असणार. पण हुंकार ओठांवर दिसत नाही.

यंत्राचं बेअरिंग बिघडतंय का, हे शेडमध्ये रामकिसन हात ठेवून ओळखायचा. तो खाटेजवळ गेला आणि तळहात हलकेच पोरीच्या पाठीवर टेकवला. फ्रॉकखाली काहीतरी थरथरत होतं, थांबत होतं, पुन्हा चालू होत होतं. कुठे स्वल्पविराम, कुठे पूर्णविराम, त्याला कळू लागलं. एक लांब वाक्य पार पडलं. तळहाताला खालून ऊब आली. भरड, असं रूपाली म्हणाली होती. भरडच होता.

मग पाठ आखडली. थरथर थांबली.

त्याने आईकडे पाहिलं. बोळक्या तोंडातून शब्द सावकाश बाहेर आले.

"हात काढ म्हनायली ती."

त्याने हात काढला.

वाचन संपल्यावर उत्कर्षाने कार्ड आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं. ऐकणाऱ्याच्या रकान्यात तिने तिरप्या अक्षरात 'आजी' लिहिलं होतं. म्हातारीला सही येत नव्हती. रामकिसनने पेन उघडलं आणि सहीच्या जागी आईचं नाव लिहून दिलं.