लाइट जाऊ दे, म्हाराजा!

आमच्या सोलारच्या दुकानात ऑर्डरी कमी आणि किस्से जास्त जमतात. किस्से बॅटरीत भरता आले असते, तर अख्खी रत्नागिरी उजळली असती.

दुकान नंदूचं, मी मदतनीस. मुंबईची नोकरी सोडून त्याने हे हायब्रिडचं खूळ घेतलं. दिवसा पॅनेल, लाइट गेली की बॅटरी, नाहीतर नेहमीची लाइन. त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, बजावलंय, "गणपतीपर्यंत जम बसला नाही, तर मुंबईची बॅग भरायची." त्यामुळे नंदू गिऱ्हाइकाशी फार गोड बोलतो.

भाट्याचे एक काका आले. राहायला मुंबईत, इथलं घर गणपतीत आणि शिमग्यात उघडतं.

"मे महिन्यातली वीज बॅटरीत ठेवून गणपतीत वापरता येईल ना?"

"काका, लोणचं नाही हो ते," नंदू म्हणाला. काका दुसऱ्या दुकानात विचारायला गेले.

दुसऱ्या एकांच्या छपरावर माडाची सावली. नंदू चाचरत म्हणाला, "तेवढा माड काढलात तर पाच-सहा वर्षांत पैसे वसूल."

"माडपण तेवढ्याच वर्षांत धरतो. वर शहाळं देतो. तुझं पॅनेल काय देतं?"

नंदू शहाळं पिऊन परत आला.

बंदरावरच्या सुमनमावशींना मासळीच्या फ्रीजरसाठी हवं होतं.

"पावसात चालंल काय रं?"

"ढग असले की वीज कमी होते, मावशी."

"म्हंजे आमच्यासारखी ह्याची होडीपण पावसात वर वढलेली!"

एका सामाईक घरात पुतण्याने आपल्या वाट्याच्या छपरावर पॅनेल उभं केलं. सावली पडली चुलत्याच्या अंगणात. चुलत्याने सावलीचं भाडं म्हणून एक पंखा जोडून घेतला. वायर आम्हीच ओढली.

आणि ही तात्यांची वाडी. तात्यांनी पहिलं हायब्रिड बसवलं. बाकीची वाडी म्हणाली, लाइट गेल्यावर चाललेलं बघू, मग सगळे घेऊ. नंदूचा गणपतीपर्यंतचा जम तिथेच बसणार होता. संध्याकाळी सगळे तात्यांच्या घरापुढच्या खळ्यात जमले. नेमकी त्या दिवशी लाइट जाईना. नंदूने मेन स्विच पाडून दाखवला, तर म्हणाले, "ही हातचलाखी झाली."

शेवटी वाडीतल्या सखारामआजोबांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पोराची अब्रू राख. घटकाभर लाइट घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली.

थोड्या वेळाने खरंच गेली. सगळी वाडी काळोखात आणि तात्यांचं घर लख्ख. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणी मोबाइल चार्जिंगला आणला, कुणी मिक्सर, शेजारच्याने तर खिडकीतून वायरच टाकली.

नंदूने खिशातलं पेन काढलं. "मग, कोण कोण घेतंय?"

आजोबांनी पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तात्याच्या घरचा उजेड असाच ऱ्हाव दे, नि आमच्यावर येगळा खर्च पडू देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीने सगळ्यांत मोठा आवाज नंदूचाच निघाला.