अडतिसावं पान

निशातगंजच्या आमच्या जर्मन वाचनगटात आम्ही सात जण आहोत. रविवारी दुपारी चहा झाला की प्रत्येकाने एक पान मोठ्याने वाचायचं. माझ्या शेजारी बसणारे निवृत्त प्राध्यापक कधीच अडखळत नाहीत. सध्याचं पुस्तक त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलंय. मी घाईत वाचलं की म्हणतात, "बैंकवाले साहब, नोट नहीं गिन रहे हैं."

गेल्या रविवारी ते एक्केचाळिसावं पान वाचत होते आणि त्यांच्या हातातलं पुस्तक अडतिसाव्या पानावर उघडं होतं. आकडा मी दोनदा पाहिला. त्यांना दिसत नव्हतं, ते पाठ म्हणत होते. मी हळूच पान उलटून दिलं. वाचन संपवून ते पुटपुटले, "घर पर मत कहिएगा. अकेले निकलने नहीं देंगे."

मग पुढचं पुस्तक ठरवायचं होतं.

"यही दोबारा पढ़ लें?" त्यांनी विचारलं.

"सर, आप तो नींद में भी सुना देंगे," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. हात वर झाले ते दोनच, त्यांचा आणि माझा.

नव्या पुस्तकाची प्रत हातात आल्यावर त्यांनी मला विचारलं, "कितने पन्ने हैं?"

"दो सौ बारह."

"तो रोज़ थोड़ा पढ़कर सुना दीजिएगा," ते हळूच म्हणाले. मग चाचपडत माझी पिशवी शोधून त्यांनी ती प्रत तिच्यात ठेवून दिली.