अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगून टाकते. उपकेंद्रात नर्स आहे. मरण जवळून पाहिलंय. कुणाच्या अंगात आलं म्हणून चार माणसं धरून आणतात, तेव्हा मी आधी बीपी बघते. त्यामुळे हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा... पण जे झालं ते झालं.

आम्ही लाखनीचे. हायवेपासून जरा आत, मागे धानाच्या बांध्या, तिथे आमचं छोटं घर. माझे मिस्टर दिलीप वरठीला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. मागच्या हिवाळ्यात ड्यूटीवरून आले, चहा मागितला आणि चहा उकळेपर्यंत गेले. हार्ट अटॅक. घरात नर्स असून काही करता आलं नाही. मुलगी प्राची नागपूरला शिकते, म्हणजे घरात आता मी एकटीच.

माझं उपकेंद्र एकोडीच्या बाजूला. रोजची एवढी ये-जा, म्हणून मला इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन द्यायची हे मिस्टरांनी ठरवूनच ठेवलं होतं. गाडीचा पत्ता नाही, पण पोर्चपर्यंत वेगळी वायर ओढून झाली होती. घरामागे अर्थिंगचा खड्डाही केला – मीठ, कोळसा, मधे पाइप, वर सिमेंटचं झाकण. त्या खड्ड्याचं यांना भारी कौतुक! रोज आंघोळ झाली की लोटाभर पाणी त्यात.

मी चिडवायची, "लोकं सूर्याले पानी देतात, तुमी खड्ड्याले!"

"अवं, जमीन सुकली त करंट उतरन कुठं? उद्या त्या गाडीले हात तूच लावशीन ना?"

ते गेल्यावर घरामागे जाणंच मी सोडलं. बघवत नव्हतं.

मे महिन्यात शेवटी गाडी बुक केली. शोरूमवाला म्हणाला, आधी घरचा पॉइंट आणि अर्थिंग तपासून घ्या. मी राजूभाऊंना बोलावलं. ते वायरमन, मिस्टरांचे जुने दोस्त. येताच म्हणाले, "वयनी, इतक्या दिवसाचा खड्डा, सुकून दगड झाला असन. नवीन करा लागन."

झाकण बाजूला केलं आणि आत बोट खुपसून पाहिलं.

"पानी टाकता ना रोज तुमी?"

"नाई जी. मी त इकडे येतच नाई."

"मंग हे ओलं काहून हाये?"

मी वाकून पाहिलं. माती काळी ओली, वरचं पाणी अजून मुरत होतं. आजूबाजूची जमीन उन्हाने भेगाळलेली. राजूभाऊंनी फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून पाहिला, तर लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग ठणठणीत. नळाची पाइप घराच्या पुढून येते. मागे भिंत, तिथल्या दाराला कुलूप, किल्ली माझ्याकडे. राजूभाऊंनी सगळं धुंडाळलं. लीक कुठेच नव्हतं.

मी म्हटलं, असेल काहीतरी. नर्सचं डोकं, लगेच मानत नाही. मग घराला कुलूप लावून प्राचीकडे नागपूरला गेले, चांगली आठवडाभर राहिले. परतल्यावर बॅगसुद्धा न ठेवता सरळ मागे गेले, झाकण सरकवलं, हात घातला.

थंडगार चिखल.

भीती अजिबात वाटली नाही, खरं सांगते. तिथेच फतकल मारून बसले आणि पोटभर रडले. ते गेले त्या दिवशीही इतकी रडले नव्हते – माणसं जमली होती, चहापाणी बघायचं होतं. वाटलं, घरात मी एकटी नाही.

गाडी आली. पोर्चमध्ये पहिल्यांदा चार्जिंगला लावली, हिरवा दिवा लागला. सकाळी आंघोळ करून निघाले आणि काय मनात आलं... बिचाऱ्यांची दया आली. जन्मभर ड्यूटी केली, आता तरी आराम नको का? लोटा भरला, मागे गेले, खड्ड्यात ओतला आणि मोठ्याने म्हणाले, "राहू द्या आता. मी टाकत जाईन."

मग रोज टाकू लागले. पुढे लसीकरणाच्या कामात दोन-तीन दिवस राहून गेलं. आठवण येताच धावत मागे गेले, झाकण काढलं. माती पांढरी पडलेली. कोरडी ठक्क.

मी घाबरले ते तेव्हा. मुद्दाम पाणी बंद केलं. गाडीही चार्जिंगला लावली नाही, बसने ड्यूटीला गेले. रोज सकाळी झाकण काढून बघायची. खड्ड्याला भेगा पडल्या, पण थेंब आला नाही. शेवटी राजूभाऊच रागावले, "वयनी, असं नोका करू जी. पानी टाका."

आधी पाणी कुठून येत होतं, मला माहीत नाही. का थांबलं, तेही नाही. राजूभाऊ तो विषय काढत नाहीत. कुणाला यातलं शास्त्र कळत असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन.

प्राचीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांले वाटलं असन, आता तुले जमते."

मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. पोरीला कसं सांगू, की मला जमत नाही.