इंग्रजी नाक्यावरची करवली

आष्टीच्या अंगाला, निजामाच्या मोगलाईत, एका खेड्यात चंद्रभागाबाई राहायची. नवरा अबोल, त्याच्या वाटणीचं बोलणंही तीच बोलून टाकायची. गावात लगीन कुणाचंही असो, नवरीच्या गाडीत चंद्रभागाबाई पाहिजेच. कारण शीव.

त्या काळी आमच्याकडं लगीन नवऱ्याच्या दारात लागायचं. नवरी त्या गावच्या शिवेवर आली की तिथली पोरं वाटेत बांबू आडवा धरून उभी. आधी नारळ द्या, मग या. किती नारळ, यावरून जी जुंपायची ती ऐकायला माणसं हातातली कामं टाकून येत. पोरं सोंगंही आणायची, कुणी फौजदार व्हायचं, कुणी तालुकदार. चंद्रभागाबाई फौजदाराला विचारायची, "मिशी सोताची हाय का शेळीची?" पोरांनी पाच नारळ मागितले तर ती एकावर तोडायची, आणि तो एकही नासका निघायचा.

तिचा भाऊ गहिनीनाथ. त्याच्या लेकीला, सत्यभामेला, स्थळ आलं ते इंग्रजी मुलखातलं, जामखेडच्या बाजूचं. मुहूर्त गोरज, त्या हंगामातला शेवटचा. तो टळला की थेट तुळशीच्या लग्नानंतर. सोयरे आधीच कुरकुरत होते की मोगलाईतली माणसं वेळ पाळत न्हाईत, एवढा मुहूर्त हुकला तर आम्ही दुसरीकडं बघू. गहिनीनाथाला रात्रभर डोळा लागला नाही.

बाकीचं वऱ्हाड पायवाटेनं पुढं गेलं. नवरी, गहिनीनाथ आणि चंद्रभागाबाईसाठी बंकट गाडीवानाची छकडी भाड्यानं केली होती. "नाक्याचा पैसा भाड्यात धरलेला न्हाई, तो तुमच्याकडं," बंकट निघतानाच म्हणाला. पण निघायच्या गडबडीत गाडीवानाचं कोण ऐकतो.

ऊन उतरायला लागलं तसा पक्क्या सडकेवर आडवा बांबू दिसला. बाजूला डोक्यावर पगडी, कानावर टाक असा एक माणूस. चंद्रभागाबाई पदर खोचून खाली उतरली. तिचं तोंड खुललं होतं.

"इतक्यात शीव आली व्हय? सोयऱ्यांना धीर निघंना वाटतं."

"बाई, हा सरकारी नाका आहे," तो म्हणाला. विठ्ठलराव, नाक्याचा कारकून. "गाडीचे दोन आणे. कलदार, इंग्रजी नाणं."

"ह्या साली दोन आणे निघाले का? आमच्याकडं नारळावर भागतं. पगडी कुणाची मागून आणली?"

"माझीच आहे."

"लई सैल हाय. बापाची असंल."

विठ्ठलरावाचा हात आपसूक पगडीकडं गेला. ती खरंच वडलांची होती.

"मावशी, हा खरा नाका हाय," बंकट म्हणाला. "मागं मी जामखेडला गेलतो, तवा भरलाय."

"तुला किती खोबरं कबूल केलंय रे त्यांनी?"

विठ्ठलराव तापला. "दंड करीन मी."

"करा की. मागल्या साली तर एकानं आमाला फाशी दिलती."

झाडाखाली बसलेली माणसं हसायला लागली. चंद्रभागाबाईला आणखी चेव आला. गहिनीनाथ मागून हळूच म्हणाला, "आक्का, दिस कलला."

"कलू दे. लगीन त्यांच्या पोराचं हाय. त्यांना न्हाई घाई, तर आपल्याला कावून?"

तेवढ्यात मागून ज्वारीच्या पोत्यांची गाडी आली. गाडीवानानं न बोलता नाणं टाकलं, बांबू वर गेला, गाडी पुढं गेली, बांबू खाली आला. चंद्रभागाबाई बघतच राहिली. नवरी नाही, वाजंत्री नाही.

"ह्या पोत्यांचं कुठं जुळलंय?" तिनं विचारलं.

"जामखेडच्या अडतीत," बंकट म्हणाला.

हा खरंच सरकारी नाका, हे आता तिला उमगलं. वाट अडवील तो सोयरा, एवढंच तिला आजवर ठाऊक. परक्या माणसाशी कसं बोलायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. गहिनीनाथानं कमरेची कसणी सोडून हाली नाणी पुढं केली. निजामाचं नाणं इथं चालत नव्हतं, विठ्ठलरावानं नुसती नकाराची मान हलवली. गाडीत सत्यभामा मुसमुसायला लागली.

चंद्रभागाबाईनं गाडीतली शिवेसाठी आणलेल्या नारळांची टोपली ओढली.

"भाऊ, नारळ घेता का? दोन आण्याला पाच."

"पाच? मघाशी एक देत नव्हतात."

"मघा तुमी सोयरे होता."

विठ्ठलरावानं एकेक नारळ कानाशी धरून हलवला. "यातला एक नासका आहे."

"तो सोयऱ्यांचा."

विठ्ठलराव किती तरी वेळ गंभीर राहायचा प्रयत्न करत होता, तो तिथं संपला. त्यानं स्वतःच्या खिशातले दोन आणे पेटीत टाकले, शिक्का मारून पावती फाडली, तिच्या हातात दिली आणि बांबू उचलला.

बंकटानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. गाडी नवऱ्याच्या गावच्या शिवेवर आली तेव्हा पलीकडच्या माळावरून गुरं घराकडं वळली होती. आणि वाटेत बांबू. ह्या खेपेला खरा. एका पोरानं मुन्सफाचं सोंग घेतलेलं.

"सात नारळ," मुन्सफ म्हणाला.

टोपली रिकामी. भांडायला वेळ नव्हता, आणि रिकाम्या टोपलीवर भांडता येत नाही हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिनं कनवटीची पावती काढली आणि मुन्सफाच्या नाकासमोर धरली.

"नारळ नाक्यावर जमा केलेत. शिक्का बघ, सरकारी हाय."

पावती पोरांच्या हातांतून फिरली, उलटी झाली, सुलटी झाली. वाचता कुणालाच येत नव्हतं, पण शिक्का कुठलंही पोर ओळखतं. मुन्सफानं डोक्यावरची टोपी काढली आणि बांबू बाजूला घेतला. गुरांच्या धुळीतच अक्षता पडल्या.

दुसऱ्या दिवशी सोयऱ्यांची पोरं नाक्यावर गेली आणि विठ्ठलरावाकडं आपले नारळ मागू लागली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पगडी नीट केली आणि म्हणाला, "देतो की. पावती दाखवा."

पावती चंद्रभागाबाईच्या कनवटीला होती. ती काही देणार नव्हती.